पोट बदलले, आता गोळ्याही बदला



आजचा विषय जरा संकोचाचा आहे. पण आपल्या गडहिंग्लजसारख्या गावातही तो आता येऊन पोचला आहे, म्हणून बोललेच पाहिजे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ही पूर्वी मुंबईच्या बड्या लोकांची गोष्ट वाटायची. आता मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी किंवा मूल न होणे अशा कारणांनी डॉक्टर तिचा सल्ला देतात आणि आपल्यातल्या काहीजणी मन घट्ट करून ती करून घेतात. शस्त्रक्रिया होते मोठ्या शहरात. चार-पाच दिवसांनी बाई घरी येते. पुढे पाळी येते ती घरीच, आणि कळा सुरू झाल्या की गोळी आणायची ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून.

रुग्णालयाच्या फायलीत काय खावे, किती घोट प्यावे, प्रथिने किती घ्यावीत हे सगळे असते. नातेवाईकही तेवढेच विचारतात. पाळीच्या दुखण्यावर कोणती गोळी चालेल आणि दिवस राहू नयेत म्हणून काय करावे, हे दोन प्रश्न मात्र मागे राहतात. डॉक्टरांपुढे यजमान, दीर बसलेले असतात, मग बाईच्या तोंडून शब्द निघत नाही.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. या शस्त्रक्रियेनंतर हे दोन प्रश्न वेगवेगळे समजू नका. दोन्हींचे उत्तर एकत्र शोधले, तर त्रास निम्मा होतो.

नेमके काय बदलते?

२०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा घरोघरी तिचे नाव झाले. २०१७ साली इजिप्तहून इमान अहमद ही तरुणी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली, तेव्हा तर रोज वर्तमानपत्रांत किलोचा हिशेब येत होता. किलोंची चर्चा झाली, पण आतले पोट कसे बदलते हे फारसे कोणी समजावून सांगितले नाही.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार होतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. दुसरा प्रकार बायपास. अमेरिकेत आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली तो पहिल्यांदा केला. यात जठराची एक लहान पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. त्यामुळे अन्न आणि औषध आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. मिनी बायपास म्हणतात तोही याच जातीचा.

तेव्हा पहिले काम हे करा, की आपली शस्त्रक्रिया स्लीव्ह होती की बायपास, ते फाईल काढून वाचा. पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

पाळीच्या कळा आणि जुनी सवयीची गोळी

पाळीत ओटीपोटात कळा का येतात? गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात, आणि आपल्याला कळ लागते. आपण जी नेहमीची गोळी घेतो, ती ही द्रव्ये कमी करते म्हणून कळ थांबते. पण याच जातीची द्रव्ये जठरातही असतात आणि तिथे ती फार मोलाचे काम करतात. जठराच्या आतल्या बाजूला जो संरक्षक बुळबुळीत थर असतो, तो त्यांच्यामुळे टिकतो. गोळी दोन्हीकडची द्रव्ये कमी करते. धडधाकट जठर ते सोसून नेते. बायपासमध्ये जिथे जठर आणि आतडे जोडलेले असते, तो जोड मात्र सोसत नाही. तिथे जखम होते, कधी रक्त जाते, क्वचित भोकही पडते.

म्हणून मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड आणि ॲस्पिरिन ही नावे पाठ करा. बायपास झालेल्या बाईने ही औषधे टाळावीत. आपल्या घराघरांत असणाऱ्या मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड असते. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटॅमॉलबरोबर आयब्युप्रोफेनही असते. स्लीव्ह झालेल्या बाईला काही सर्जन थोड्या दिवसांसाठी, आम्लपित्ताच्या औषधाची जोड देऊन, यातले एखादे औषध देतात. पण ती परवानगी त्यांनीच द्यायची. जाऊबाईंनी, "अगं, घे की एक, मी घेतेच की दर महिन्याला," असे म्हणून द्यायची नव्हे. जाऊबाईंचे पोट वेगळे, तुमचे वेगळे.

मेफेनॅमिक ॲसिडबद्दल आणखी एक गोष्ट सर्वांनीच लक्षात ठेवावी. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने या औषधाबद्दल इशारा दिला होता. क्वचित कुणाला त्याची गंभीर ॲलर्जी होते, ताप येतो, अंगावर पुरळ उठते आणि आतल्या अवयवांनाही इजा होते. असे काही दिसले तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरांकडे जावे.

काहीजणी म्हणतात, "गोळी नको तर इंजेक्शन घेते, ते कुठे पोटात जाते?" हा समज चुकीचा आहे. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेतले तरी औषध रक्तातून जठरापर्यंत पोचते आणि तोच थर कमी करते. तेव्हा दवाखान्यात सुई टोचून घेण्यापूर्वी, "माझी पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे," हे आधी सांगायचे.

मग घ्यायचे काय? साधे पॅरासिटॅमॉल. ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांत सहा तासांचे अंतर, आणि डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर दिवसाला सहापेक्षा जास्त नाहीत. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही पॅरासिटॅमॉल असते, तेही या हिशेबात धरावे. यकृताचा काही विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. कळ वाढण्याची वाट पाहू नये. दुखायला लागल्याबरोबर घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते. स्नायू सैल करणारी ड्रोटाव्हेरिन किंवा डायसायक्लोमिनसारखी औषधे डॉक्टर चिठ्ठीवर देऊ शकतात. मात्र पाकीट उलटून पाहा, कारण या औषधांबरोबर मेफेनॅमिक ॲसिड मिसळलेल्या गोळ्याही मिळतात. फार रक्तस्राव होतो म्हणून देतात त्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचेही तसेच आहे. ते एकटेही मिळते आणि मेफेनॅमिकबरोबरही मिळते. दुकानदाराला, "नुसते द्या, मिसळलेले नको," असे स्पष्ट सांगावे.

गरम पाण्याच्या पिशवीचा शेक हा आपल्या आज्यांचा उपाय खरोखर गुणकारी आहे. पिशवीला टॉवेल गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ओटीपोटावर ठेवावी. शस्त्रक्रियेच्या टाक्यांजवळची कातडी काही महिने बधिर असते, चटका कळत नाही, म्हणून पिशवी त्या जागेपासून खाली ठेवावी. रोज चालण्याची सवय ठेवली तर पुढच्या पाळ्या थोड्या सुसह्य होतात.

आणि एक खास आपल्या भागासाठी. पाळीत अशक्तपणा येतो म्हणून गुळाचा शिरा, डिंकाचा लाडू, गूळ घातलेला सुंठेचा काढा प्रेमाने पुढे केला जातो. आपल्याकडे गुळाला काय तोटा! पण बायपास झालेल्या बाईच्या पोटातून गोड एकदम आतड्यात उतरते. मग घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात आणि बाई आडवी होते. सुंठेचे साधे पाणी घोटघोट घ्यावे, गूळ वगळावा. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून हे कारण आधीच एकदा शांतपणे सांगून ठेवावे.

पाळीच्या नावाखाली प्रत्येक दुखणे मात्र अंगावर काढू नका. पाळीची कळ ओटीपोटात, कंबरेत, मांड्यांत असते. बेंबीच्या वर जळजळते, दुखते, उलटीत रक्त दिसते किंवा शौचाला डांबरासारखी काळी होते, तर ती पाळी नव्हे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग गडद होतो, पण चिकट आणि दुर्गंधी असेल तर वाट पाहू नये.) तसेच शस्त्रक्रियेनंतर कळा दर महिन्याला वाढतच गेल्या, तर लेडी डॉक्टरांकडून सोनोग्राफी करून घ्यावी. गर्भाशयातली गाठ किंवा एंडोमेट्रिओसिससारखे कारण असू शकते.

"आठ वर्षांत राहिले नाही, आता कुठले राहते?"

आता दुसरा प्रश्न. ज्यांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले आहे त्यांना ही काळजी नाही. पण ज्यांना मूल हवे होते आणि वजनामुळे, पाळीच्या अनियमितपणामुळे होत नव्हते, त्यांच्याच बाबतीत मोठी फसगत होते. त्यांना वाटते, आपल्याला दिवस राहतच नाहीत, मग काळजी कशाला?

चरबीचा आणि स्त्रीच्या संप्रेरकांचा जवळचा संबंध आहे. जाडीमुळे, पीसीओडीमुळे ज्यांचे बीज महिनोन्‌महिने सुटत नसते, त्यांचे वजन थोडे उतरले तरी बीज सुटू लागते. शस्त्रक्रियेनंतर तर वजन भराभर उतरते. पाळी नियमित होण्याआधीच, अगदी पहिल्या काही महिन्यांत, दिवस राहू शकतात. म्हणजे आठ वर्षे जे झाले नाही ते आठ महिन्यांत होऊ शकते, आणि तेही नको त्या वेळी.

नको त्या वेळी का? शस्त्रक्रियेनंतरचे पहिले एक ते दीड वर्ष वजन वेगाने उतरत असते. खाणे अगदी थोडे असते. लोह, ब-१२, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम यांचा साठा कमी पडतो. अशा वेळी गर्भाचे पोषण नीट होत नाही, बाळ कमी वजनाचे होण्याची भीती असते. म्हणून डॉक्टर निदान बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. घरात सुनेचे वजन उतरताच, "आता गोड बातमी कधी?" असे सुरू होते. त्यांना, "डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितले आहे," असे यजमानांनी सांगितले, तर सुनेवरचा भार हलका होतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून याच गोष्टी उघडपणे लिहिल्या. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. अजूनही आपण हा विषय कुजबुजतच बोलतो, हे बरे नव्हे.

आता साधने पाहू.

तोंडाने घ्यायच्या गोळ्या. माला-एन, माला-डी किंवा अशाच गोळ्या बायपासनंतर आतड्यात पुरेशा शोषल्या जातील याची खात्री नसते. म्हणून बायपास झालेल्या बाईने त्यांच्यावर विसंबू नये. आठवड्याला घ्यायची 'छाया' ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, पण तीही तोंडानेच घ्यायची आणि पोटातूनच जायची. स्लीव्हनंतर गोळ्या शोषल्या जातात, पण पहिल्या आठवड्यांत उलट्या होतात. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी घेतली असे धरू नये. शिवाय वय पस्तिशीपुढचे, रक्तदाब, अर्धशिशी, तंबाखूची सवय किंवा अजून बरेच वजन असेल, तर माला-एनसारख्या गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया ठरली असेल आणि या गोळ्या चालू असतील तर सर्जनना आधीच सांगावे. त्या काही आठवडे आधी बंद कराव्या लागतात, आणि तेवढ्या काळात दुसरे साधन वापरावे लागते.

तांबी. कॉपर-टी पोटातून जात नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेने तिच्या कामात काही फरक पडत नाही. ३८०-ए ही दहा वर्षे आणि ३७५ ही पाच वर्षे चालते. सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य बसवतात. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. एक बाजू मात्र ध्यानात घ्या. तांबीने पहिले काही महिने रक्तस्राव आणि कळा वाढतात. बायपासनंतर लोह आधीच कमी शोषले जाते, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले होते. ज्यांना पाळी फार जाते, फार दुखते, त्यांनी तांबी बसवण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासावे.

अंतरा इंजेक्शन. दर तीन महिन्यांनी, सरकारी रुग्णालयात विनामूल्य. पाळी कमी येते, कधी थांबते, त्यामुळे कळाही कमी होतात. पण काहींचे वजन वाढते आणि हाडांतला चुना थोडा कमी होतो. शस्त्रक्रियेनंतर हाडांची काळजी आधीच असते, म्हणून कॅल्शियम आणि ड-जीवनसत्त्व चुकवू नये. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. दीड वर्षाने मूल हवे असेल तर हा हिशेब आधी मांडावा.

निरोध. साधा, सोपा आणि पोटाशी संबंध नसलेला. दुसऱ्या साधनाबरोबर वापरला तर अधिक भरवशाचा. आणि ज्यांना आता मूल नकोच आहे, त्यांच्या यजमानांनी बिनटाक्याची नसबंदी करून घ्यावी. एवढी मोठी शस्त्रक्रिया बाईने सोसली, आता दहा-पंधरा मिनिटांची एक त्यांनी सोसायला काय हरकत आहे? फक्त त्यानंतर तीन महिने, वीर्याची तपासणी होईपर्यंत, दुसरे साधन वापरावे.

दोन्ही प्रश्नांना एक उत्तर

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला, ती सांगते. तांबीसारखेच दिसणारे, पण तांब्याऐवजी संप्रेरक असलेले एक साधन मिळते. मिरेना हे त्याचे परिचित नाव. ते गर्भाशयात बसवल्यावर थोडे थोडे संप्रेरक तिथल्या तिथे सोडते. गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. अस्तर पातळ, म्हणून कळ आणणारी द्रव्ये कमी, रक्तस्राव कमी, आणि दिवसही राहत नाहीत. पोटातून जायचे नाही, त्यामुळे बायपास असो की स्लीव्ह, काम तेच. निदान पाच वर्षे चालते आणि हवे तेव्हा काढता येते.

पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग पडत राहतात, तेव्हा घाबरून लगेच काढून टाकू नये. खर्च काही हजार रुपये येतो, ही खरी अडचण आहे. पण दर महिन्याची दुखणी, लोहाची इंजेक्शने आणि नको तेव्हा दिवस राहण्याची धास्ती यांच्याशी तुलना करून पाहावी. काही ठिकाणी वजनाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, भूल दिलेली असतानाच, हे साधन बसवून देतात. शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर सर्जन आणि लेडी डॉक्टर या दोघांनाही आधी विचारावे. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेल्या, पण पाळीने बेजार असलेल्या बायकांनाही केवळ दुखण्यासाठी याचा उपयोग होतो.

सर्वांना हे साधन चालतेच असे नाही. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, कारण न कळता रक्तस्राव होत असेल, गर्भाशयात जंतुसंसर्ग असेल, तर ते बसवत नाहीत. तपासणीशिवाय निर्णय घेऊ नये.

चुकून घोटाळा झाला तर

साधन न वापरता संबंध आला, तर दुकानातली तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घेतात. पण वजन सत्तर किलोच्या पुढे असेल तर तिचा परिणाम कमी होतो, आणि बायपासनंतर ती नीट शोषली जाईल की नाही ही शंका राहतेच. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

दिवस राहिलेच, तर लपवू नका आणि दुकानातून गुपचूप गोळ्या आणून पोट मोकळे करायला जाऊ नका. मूल ठेवायचे असेल तर सर्जन आणि लेडी डॉक्टर दोघांनाही लगेच कळवा. पुष्कळ बायकांची अशी बाळंतपणे नीट पार पडतात, फक्त तपासण्या जास्त लागतात. गरोदरपणी साखरेचे पाणी पाजून करतात ती तपासणी बायपासवाल्या बाईला झेपत नाही, म्हणून डॉक्टर दुसऱ्या रीतीने साखर पाहतात. बायपासनंतर गरोदरपणी पोटात जोराची कळ आली, तर ती घरी सहन करू नये. आतडे अडकलेले असू शकते, लगेच रुग्णालय गाठावे. आणि मूल ठेवायचे नसेल तर १९७१ च्या कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने साधन निकामी झाल्याच्या कारणावरून २० आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते. यजमानांची सही कायद्याने लागत नाही.

शेवटी एक छोटे काम. एका जाड कागदावर चार ओळी लिहा: शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, रुग्णालय, आणि 'मेफेनॅमिक, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये'. हा कागद पर्समध्ये ठेवा, एक प्रत यजमानांच्या पाकिटात, एक औषधाच्या डब्यात. कळेने व्याकूळ झालेल्या बाईला तेव्हा नावे आठवत नाहीत, आणि गोळी आणायला धाकट्या मुलाला पाठवले तर त्याला काय कळणार? कागद दाखवला की दुकानदारही चुकीची गोळी देणार नाही.

आणि डॉक्टरांकडे जाताना एकदा तरी एकटीने आत जा, नाहीतर बहिणीला, मैत्रिणीला बरोबर घ्या. दोन प्रश्न लिहूनच न्या: पाळीच्या दुखण्यावर मी काय घेऊ, आणि दीड वर्ष दिवस राहू नयेत म्हणून काय वापरू? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.